अण्णा ओ, जरा सोडता काय!

बेंगळुरूतील तमाम फुटबॉलप्रेमी, फुटबॉलद्वेष्टे आणि रविवारी मैदानाच्या कडेने जाताना ज्यांच्या डोक्यावर कधी ना कधी चेंडू पडला आहे असे सर्व सभ्य नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचा संघ गेल्या मोसमात वरच्या विभागातून खाली घसरता घसरता वाचला. घसरण्याचे कारण आर्थिक नव्हते, वैद्यकीय नव्हते, फुटबॉलचेही नव्हते. कारण व्याकरणाचे होते. कृपया सर्वांनी बसून घ्यावे.

क्लबचे नाव मी सांगणार नाही. आमचे सेक्रेटरी मूर्तीसर यांना मराठी येत नाही, पण त्यांच्या शेजारच्या बाई दरवर्षी हा दिवाळी अंक मागवतात आणि त्यांना भाषांतर करून सांगण्याची हौस आहे.

मी त्या संघाचा किटमन. म्हणजे जर्सी, शॉर्ट, मोजे, बूट, नडगीवरचे गार्ड, हातमोजे, चिकटपट्ट्या, सुईदोरा आणि बुटाच्या तळाचे स्टड आवळायचा पाना या सर्वांचा पालक. खेळाडू मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर जे काही दिसते ते सगळे माझे असते. आतला माणूस तेवढा प्रशिक्षकाचा. माझी बायको माहेरी सांगताना "ते फुटबॉलमध्ये असतात" इतकेच सांगते, आणि पुढे "म्हणजे नेमकं काय करतात?" असे कुणी विचारले की चहा टाकायला उठते.

आमचे घराणे बेंगळुरूत इतक्या पिढ्या आहे की, मूळचे कुठले, असे विचारल्यावर आम्ही सरळ जयनगर म्हणतो. घरात मराठी, दारात कन्नड, मैदानावर जे तोंडात येईल ते. मराठी माणूस किटमन कसा झाला याचे पुण्याच्या पाहुण्यांना फार नवल वाटते. मी त्यांना सांगतो, घामाला मातृभाषा नसते. मग ते नाक मुरडून विषय बदलतात आणि माझी सुटका होते.

या धंद्यात गिऱ्हाइके फार नमुनेदार भेटतात. एक फॉरवर्ड होता, गोल झाला की त्या दिवशीचे मोजे धुवू द्यायचा नाही. यश मोज्यातून वाहून जाते म्हणे. सुदैवाने तो फार गोल करत नसे. एका विंगरला जर्सी एक माप लहान हवी असायची, दंड दिसावेत म्हणून. दंड दिसले, पण सामन्यानंतर ती जर्सी काढायला दोघांनी मिळून ओढावी लागायची आणि थ्रो-इनला त्याचे हात डोक्याच्या वर जाईनात. हल्लीची मुले नवेकोरे मोजे आणून त्यांचे पाय कात्रीने कापून टाकतात. का, ते विचारू नका. मी विचारले होते. उत्तर ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आता कामाची गोष्ट. संघात मेळ आहे की नाही, हे मला सामन्यानंतरच्या ढिगावरून समजते. मुले जिंकून एकजीव झालेली असली की जर्सी एकमेकांच्या डोक्यावर फेकतात, सगळा मिळून एक चिखलाचा डोंगर होतो आणि मी शिव्या घालत तो उपसतो. पण एखाद्या दिवशी सगळ्या जर्सी व्यवस्थित घड्या घालून बाकावर ठेवलेल्या दिसल्या की मी त्या पुन्हा पुन्हा मोजत बसतो. शिस्त आली म्हणजे कुणीतरी कुणाला काहीतरी बोलायचे टाळते आहे.

गेल्या मोसमात घड्या दिसू लागल्या. आणि त्या घड्या घालायची सवय लावली होती रघुअण्णाने.

रघुअण्णा आमचा स्टॉपर. गोलकीपरच्या पुढे उभा राहून येणारे-जाणारे सगळे अडवतो तो स्टॉपर. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा, फक्त याला खुर्ची नसते. आमच्यासारखाच जुन्या बेंगळुरी मराठी घरातला. यशवंतपूरच्या एका कारखान्यात सकाळची पाळी करायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा. वय चाळीस. इतर धंद्यांत चाळिशीत माणसाला बढती मिळते, इथे शाल आणि श्रीफळ मिळते. त्यालाही हे ठाऊक होते. मोसमाच्या सुरुवातीलाच बूट माझ्या हातात देत म्हणाला होता, "हे शेवटचं वरीस. संघ वरच्या विभागात ठेवून जातो. मग तू आणि तुझा साबण, बघून घ्या."

ड्रेसिंग रूममध्ये हा माणूस सोन्यासारखा होता. कुणाच्या पोटरीत पेटका आला की फिजिओ पोचायच्या आत रघुअण्णा त्याचा पाय खांद्यावर घेऊन बसलेला. मणिपूरहून आलेला पोरगा पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीने जेवेना, तर रघुअण्णाने त्याला घरी नेले. रघुअण्णाची बायको शैलाअक्का. तिच्या हातची पुरणपोळी खाऊन तो पोरगा दोन दिवस झोपला, पण नंतर जेवू लागला. सराव संपला की जर्सी घडी घालून ठेवायची, बूट आपटून चिखल झटकायचा, किट अण्णाला त्रास द्यायचा नाही, हे त्याने पोरांच्या गळी उतरवले. किट अण्णा म्हणजे मी. तर अशा माणसाविरुद्ध मी काय बोलणार?

पण मैदानावर आमच्या जाळ्यात गोल पडत होते. आणि ते त्याच्याच बाजूने पडत होते.

सगळ्यात वाईट गोल आमचा आम्हीच केला. समोरून एक लांब, उंच चेंडू आला. साधा. रघुअण्णा मागे सरकत निघाला, गोलकीपर संतोष पुढे धावत निघाला. असा चेंडू कीपरने ओरडून मागायचा आणि स्टॉपरने वाकून सोडून द्यायचा, हे शाळेतली पोरेही करतात. आमचे दोघे बरोबर एकाच वेळी पोचले. रघुअण्णाने डोक्याने मारला, तो संतोषच्या कानाजवळून घरंगळत आमच्याच जाळ्यात गेला. दोघे एकमेकांवर आदळून पडले. उठल्यावर संतोषने काय करावे? रघुअण्णाला हात जोडून म्हणाला, "माफ करा अण्णा."

जोसेफसर, आमचे प्रशिक्षक, त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसले असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला पडद्यावर रंगीत ठिपके दाखवले. लाल ठिपका रघुअण्णा. निळा ठिपका संतोष. दोघांच्या मधे एक पिवळे वर्तुळ. "इथे केमिस्ट्री नाही," सर म्हणाले.

केमिस्ट्री या विषयाने पीयूसीला, म्हणजे तुमच्या बारावीला, माझे जे काही केले ते मी अजून विसरलेलो नाही. त्यामुळे मी गप्प बसलो. पण मूर्तीसर बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी मला मैदानाबाहेरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, गाठले, दोन कॉफ्या घेतल्या आणि उभ्याउभ्याच कन्नडमधून विषयाला हात घातला.

"नोडी, बघा, किट अण्णा. तुम्ही दोघं एका भाषेची माणसं. खरं सांगा. रघु संघाला जोडतोय की मोडतोय?"

"सर, पोरं त्याच्यासाठी जीव देतील."

"जीव नको. पॉइंट द्या म्हणावं. शेवटचा सामना राहिलाय. निदान बरोबरी तरी पाहिजे, नाहीतर खालच्या विभागात. मी कमिटीला सांगू काय, की देवमाणूस होता म्हणून बुडालो?"

मी कॉफी पीत राहिलो. ती फार गरम होती, हे माझे नशीब.

त्याच संध्याकाळी रघुअण्णा स्वतःच किटरूमच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्या बुटांचे स्टड बदलत होतो. माझा निष्कर्ष असा होता की चूक बुटांची आहे, जुने स्टड झिजलेत, म्हणून त्याला वळायला वेळ लागतो. माझ्या हातात पाना असला की मला जगातल्या सगळ्या चुका स्टडमध्ये दिसतात. मी लांब स्टड बसवले. दुसऱ्या दिवशी रघुअण्णा बोटभर उंच दिसला आणि पहिल्याइतकाच उशिरा पोचला.

पण त्या संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "काय रे, माझ्याच्यानं बिघडतंय काय?"

"कोण म्हणतं?"

"कुणी म्हणत न्हाई. तेच तर. पोरं मला काहीच म्हणत न्हाईत. माझी चूक झाली तरी 'सॉरी अण्णा' म्हणतात. वीस वर्षं खेळलो, मी चुकल्यावर मला शिव्या पडायच्या. आता मला नमस्कार पडतात." तो बाकावर बसला. "जातो जातो म्हणताना संघ बुडवून गेलो, तर कुठल्या तोंडानं या मैदानावरनं जाऊ? समोरनं बस जाते माझी, रोजची."

मी त्याला काहीतरी गमतीचे बोललो असणार, तो माझा धंदाच आहे. पण तो हसला नाही.

उलगडा झाला तो दुसऱ्या दिवशी, आणि फार हास्यास्पद पद्धतीने झाला. सराव चालू होता. मी गोलमागे टॉवेल आणि सुटे हातमोजे घेऊन उभा, आमच्या बसचा ड्रायव्हर कडेला गप्पा मारत उभा, आणि जोसेफसर, जे नेहमी मध्यरेषेवर असतात, ते त्या दिवशी काही कामाने माझ्या शेजारी आलेले. उंच चेंडू आला. संतोष ओरडला, "अण्णा!"

मी वळलो. ड्रायव्हर वळला. कडेने नारळपाणी विकणारा वळला. रघुअण्णाही वळला, पण चेंडूकडे न बघता संतोषकडे, आपुलकीने, "काय रे बाळा" अशा चेहऱ्याने. चेंडू त्याच्या पाठीवर पडला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बेंगळुरूत अण्णा कोण नसतो? रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, घरमालक अण्णा, खिसा कापून पळणाऱ्याच्या मागे धावतानाही लोक "अण्णा, निल्ली!" म्हणजे "अण्णा, थांबा!" असेच ओरडतात.

संतोष खानापूरकडचा. बेंगळुरूत जे. पी. नगरला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. उंच, लांब हातांचा आणि इतका नम्र की समोरच्या संघाचा फॉरवर्ड पडला तर त्यालाही उचलायला जायचा. या शहरात त्याला एक मराठी घर सापडले ते रघुअण्णाचे. शैलाअक्काचा डबा खायचा, सणाला तिथेच जेवायचा. त्याची आई फोनवर विचारायची, "अण्णांच्या पाया पडतोस न्हवं?" तो पडायचा. प्रत्येक सामन्याआधी पडायचा. हातमोजे घालून! कीपरच्या मोज्याचा तळवा रबराचा असतो, तो स्वच्छ आणि किंचित ओला असेल तरच चेंडू चिकटतो. मी तो तळहाताच्या फोडासारखा जपून आणायचो, आणि हा त्याच तळव्याने रघुअण्णाच्या चिखलाच्या बुटांना नमस्कार करायचा. मग मी धावत जाऊन पुन्हा पुसायचो. चाळिशीतल्या बुटांपेक्षा विशीतल्या भक्तीने मला जास्त काम लावले.

तर जोसेफसरांनी तो चेंडू पाठीवर पडलेला पाहिला आणि पुन्हा तसाच चेंडू टाकायला लावला. संतोषने आता नीट, पूर्ण वाक्यात हाक मारली, "अण्णा ओ, जरा सोडता काय, मी येतोय की!"

वाक्य संपले तेव्हा चेंडू जाळ्यात होता.

सर केरळचे, मराठी कळत नाही. मला विचारले, काय म्हणाला? मी भाषांतर केले. त्यांनी दुसऱ्या स्टॉपरला, म्हणजे संतोषच्याच वयाच्या पोराला, रघुअण्णाच्या जागी उभे केले. चेंडू आला. संतोष गरजला, "सोड!" पोरगा मराठी नव्हता, पण झटक्यात वाकला. चेंडू कीपरच्या पोटात.

सर माझ्याकडे वळले. "म्हणजे त्या एकाला 'सोड' आणि याला सबंध वाक्य? हा चेंडू मागतोय की मुलगी?"

मी त्यांना अरे आणि अहो यांतला फरक समजावून सांगितला. शेवटी त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि त्या मोसमातला सर्वांत कडक हुकूम काढला. मैदानावर अण्णा हा शब्द बंद. जो म्हणेल तो मैदानाला एक फेरी मारील.

पुढचा सराव म्हणजे सराव नव्हता, प्रदक्षिणा होती. पोरे सारखी फेऱ्या मारत होती. संतोष तर दिसेनासाच झाला, कायम मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धावताना. आपल्यामुळे पोरांना शिक्षा होते हे रघुअण्णाला बघवेना, म्हणून तो स्वतःच त्यांच्याबरोबर धावायला लागला. ते पाहून पोरे कळवळून ओरडली, "नको अण्णा, तुम्ही बसा!" आणि सगळ्यांना आणखी एक फेरी पडली.

दोन दिवसांनी पोरांना उपाय सापडला. त्यांनी रघुअण्णाला हाक मारायचेच सोडून दिले. आता मैदानावर स्मशानशांतता. अण्णा म्हणायचे नाही आणि रघु म्हणवत नाही, मग गप्प. त्या दिवशी जर्सीच्या घड्या इतक्या सुंदर होत्या की इस्त्रीवाल्याने लाजावे.

मग रघुअण्णाने स्वतः शिकवणी घेतली. किटरूममध्ये, माझ्या देखत. संतोषला बाकावर बसवले आणि म्हणाला, "मला रघ्या म्हण."

संतोष कानापर्यंत लाल. "नको ओ."

"म्हण म्हणतो ना! रघ्या, सोड. दोन शब्द."

"रघ्या..." संतोष डोळे मिटून म्हणाला. आणि हळूच, "...अण्णा."

"शिवी दे मला!"

"कशी देऊ ओ? काल तुमच्याकडंच जेवलोय की."

"न जेवता देशील?"

"न जेवता अक्का सोडतात काय?"

 रघुअण्णा उठला, त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि सरळ जोसेफसरांच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, "मी बाकावर बसतो शेवटच्या सामन्याला. मीच सांगितलं सरांना. पोरं मोकळी खेळतील." आणि मग, जणू हवापाण्याविषयी बोलावे तसे, "माझी जर्सी धुवायची असली तर आताच धू. पुन्हा लागणार न्हाई."

मी ती धुतली. नुसती पाण्यातून काढली तरी चालले असते, ती मळलेली नव्हती. पण मी साबण लावला, दोनदा.

शेवटचा सामना. मूर्तीसर प्रेक्षकांत, तोंडात नखे. रघुअण्णा राखीव खेळाडूंच्या बाकावर, अंगात ती धुतलेली जर्सी. मी संतोषच्या गोलमागे. पूर्वार्ध ठीक गेला. संतोष पोरांना भरपूर ओरडत होता, "सोड!", "माझा!", "बाहेर!" आवाज मैदानभर. मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याचे वाईटही वाटले, कारण याचा अर्थ मूर्तीसरांचेच खरे होते. सोन्यासारखा माणूस बाकावर बसला की संघ मोकळा होतो.

उत्तरार्धात तो तरुण स्टॉपर पाय मुरगळून खाली बसला. उठेना. सरांनी बाकाकडे पाहिले. त्या जागेचा दुसरा कुणी नव्हताच.

रघुअण्णा उठला. मैदानात जाताना तो वाट वाकडी करून गोलपाशी आला, संतोष खाली वाकणार इतक्यात त्याची दोन्ही मनगटे धरली आणि म्हणाला, "हात लावायचा न्हाई. मोजे खराब होतात. किट अण्णा रडतो."

त्यानंतरचा खेळ मी तुकड्यातुकड्यांत पाहिला, कारण मी बराच वेळ टॉवेलमध्ये तोंड घालून होतो. रघुअण्णा छान खेळला, हे सांगतो. जिथे पोरे धावून पोचत होती, तिथे तो आधीच उभा असायचा. बरोबरी टिकली. पंच घड्याळ बघू लागले.

आणि मग तो चेंडू आला. लांब. उंच. साधा. त्याच जागी.

रघुअण्णा मागे सरकत निघाला. संतोष पुढे धावत निघाला. समोरच्या संघाचा फॉरवर्ड दोघांच्या मधून घुसत आला. मी संतोषचे तोंड उघडलेले पाहिले आणि मनातल्या मनात ते सबंध वाक्य ऐकलेही, अण्णा ओ, जरा सोडता काय. ते संपेपर्यंत आम्ही खालच्या विभागात.

संतोष ओरडला. पण ते वाक्य नव्हे. जे ओरडला ते त्याच्या पोटातून, खानापूरच्या मातीतून, कुठून आले देव जाणे. रघुअण्णा धावता धावता असा खाली बसला जसा शाळेत मास्तरांनी डस्टर फेकल्यावर आम्ही बसायचो. फॉरवर्ड जागच्या जागी थबकला. संतोषने दोघांच्या वरून उडी घेतली आणि चेंडू छातीशी कवटाळून पडला.

शिटी वाजली.

सामना संपल्याची नव्हे. समोरच्या संघाने हात वर केले होते. कीपरने आमच्या खेळाडूला ओरडून दचकवले, म्हणून तो थांबला, असे त्यांचे म्हणणे. आता नियम असा की, प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम ओरडून बिचकवले तर फ्री किक मिळते, तिथल्या तिथे, गोलच्या तोंडाशी. म्हणजे त्या शेवटच्या क्षणी आमचा सगळा मोसम एका प्रश्नावर येऊन टेकला. संतोष काय म्हणाला, आणि कुणाला?

पंच कन्नड. त्यांनी संतोषला विचारले. संतोष आपल्याच तोंडावर हात ठेवून उभा, डोळे विस्फारलेले, जणू तोंडातून साप बाहेर पडला आहे. रघुअण्णाला विचारले, तर रघुअण्णा गवतावर आडवा पडून पोट धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. कॅप्टन मल्याळी. मैदानावर मराठी कळणारा आणखी एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात टॉवेल होता.

पंच गोलमागे आले. "अण्णा, एनु हेळ्दा इवनु?" काय म्हणाला हा?

तुम्हाला सांगतो, नाटकात मी अनेकदा काम केले आहे, गणेशोत्सवात, पण असा प्रवेश पुन्हा मिळायचा नाही. मी टॉवेल खांद्यावर टाकला, हात जोडले आणि माझ्या शुद्धातल्या शुद्ध कन्नडमध्ये सांगितले, "सर, त्याने संघातल्या ज्येष्ठ बंधूंना चेंडू सोडण्याची विनंती केली. आणि त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली."

"ज्येष्ठ बंधू कोण?"

मी गवतावर लोळणाऱ्या ज्येष्ठ बंधूंकडे बोट दाखवले. पंचही चाळिशीच्या आसपासचे होते. त्यांनी रघुअण्णाकडे जरा वेळ पाहिले, मग संतोषकडे, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. "सरी," म्हणजे ठीक आहे, असे ते म्हणाले आणि चेंडू पुन्हा संतोषच्याच हातात दिला. संतोषने तो इतका लांब लाथाडला की तो खाली यायच्या आत शेवटची शिटी झाली.

आम्ही वाचलो. मूर्तीसरांनी मला मिठी मारली, ओल्या टॉवेलसकट. ड्रेसिंग रूममध्ये जर्सी अशा उडाल्या की मी दारातच उभा राहिलो. एक संतोषच्या डोक्यावर, एक सरांच्या लॅपटॉपवर, आणि सगळ्यांच्या खाली दबलेली, चिखलाने लडबडलेली रघुअण्णाची. तिला पुन्हा साबण लावायला काय आनंद होता म्हणून सांगू! आता ती जर्सी माझ्याकडे नसते, रघुअण्णाने घरी नेली. खुंटी रिकामी आहे, नव्या पोराला मी ती खुंटी अजून दिलेली नाही, काही ना काही कारण सांगतो. रघुअण्णा बसमधून जाताना मैदानाकडे बघत जातो आणि कधीकधी मधेच उतरतो, शैलाअक्काचा डबा द्यायचा म्हणून. संतोष वाकून नमस्कार करतो. बिनमोज्याच्या हातांनी, हे मी जातीने बघतो.

मूर्तीसरांनी नंतर पुन्हा विचारलेच, जोडत होता की मोडत होता? मी म्हणालो, सर, औषध चांगलं होतं, आपण त्याला हार घालून ठेवलं होतं.

आणि ती हाक? संपादकांनी हा लेख मागतानाच अट घातली होती की ते वाक्य जसेच्या तसे छापायचे, माझे भाषांतर नको. घ्या. साऱ्या मैदानाने ऐकले, तिघांना कळले, आणि एकाला ते ऐकण्यासाठी वर्षभर वाट पाहावी लागली.

"सोड की रे थेरड्या, मरतंस काय!"